मोरबाथच्या चर्चची चोपडी

1534च्या नोव्हेंबरातली एक रात्र. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या मोरबाथ नावाच्या खेड्यात एक चोर शिडी लावून चर्चवर चढला. वर पोचल्यावर त्यानं शिडीही ओढून घेतली, ती मनोऱ्याच्या खिडकीला टेकवली, खिडकी फोडली आणि घंटांच्या माळ्यावर उतरला. तिथून खाली चर्चमध्ये. चकमक झाडून उजेड केला, दोन पेट्या फोडल्या आणि उपासनेचा प्याला व सेंट सिडवेलच्या मूर्तीचा चांदीचा बूट घेऊन पसार झाला. गडबडीत चकमकीचं पोलाद मात्र तिथंच विसरला.

पावणेपाचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या चोरीचा इतका बारीक तपशील आपल्यापर्यंत आला तो गावच्या पाद्र्यामुळे. त्यानं तो लिहून ठेवला चर्चच्या जमाखर्चाच्या वहीत. चोर आत कसा शिरला याचा पुरावा म्हणून त्या पोलादाचीही नोंद केली. आणि त्याच दमात पुढचंही लिहिलं: गावातल्या तरुणांनी आणि मुलींनी आपसांत वर्गणी काढून नवा प्याला आणला, गावाच्या पैशाला धक्का लागला नाही.

इंग्लंडच्या खेड्याखेड्यांत जुनी चर्चं आहेत. त्यांच्या दगडांवर, कमानींवर, रंगीत काचांवर पुस्तकांचे ढीग निघाले आहेत. मोरबाथच्या सेंट जॉर्ज चर्चकडे बघण्यासारखं म्हणाल तर तसं फार नाही. 1870च्या दशकात विल्यम बटरफील्ड या नामांकित वास्तुकारानं त्याचा जीर्णोद्धार इतक्या उत्साहानं केला, की सोळाव्या शतकातला माणूस आज आला तर आपलं चर्च त्याला ओळखू येईल की नाही, शंकाच आहे. या चर्चचं खरं वैभव म्हणजे त्याची हिशेबाची चोपडी.

गाव आणि सर

मोरबाथ हे एक्समूरच्या दक्षिण कडेला, डेव्हन आणि सॉमरसेटच्या सीमेवर वसलेलं. डोंगरउतारावरची ओलसर कुरणं, खोलगट वाटा आणि एकमेकांपासून लांब विखुरलेली शेतघरं. मेंढ्या हाच मुख्य व्यवसाय. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथं अवघी तेहेतीस कुटुंबं होती. म्हणजे लेकरंबाळं धरून दीडशेच्या आसपास माणसं. या वस्तीची मिळून एक पॅरिश. वसईकडचे ख्रिस्ती लोक ज्याला धर्मग्राम म्हणतात, ते हेच. एक चर्च, एक पाद्री आणि त्या चर्चच्या घंटेच्या हद्दीतली सगळी माणसं. बारसं, लग्न, माती हे सारं तिथंच.

1520च्या ऑगस्टात क्रिस्टोफर ट्रिकी हे पाद्री म्हणून या गावात आले. ते जवळच्याच कल्मस्टॉकचे, म्हणजे मुलखातलेच. विद्यापीठाची पदवी नसलेल्या पाद्र्याला त्या काळी ‘सर’ म्हणत, म्हणून गाव त्यांना सर क्रिस्टोफर म्हणे. आले ते गेलेच नाहीत. 1574मध्ये वारले तेव्हा त्यांना मोरबाथमध्ये चोपन्न वर्षं झाली होती. तेवढ्या काळात इंग्लंडच्या गादीवर आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ असे चार जण बसले आणि देशाचा धर्म तीनदा उलटापालटा झाला. पाद्री मात्र एकच.

कायद्यानं चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहायचे ते वॉर्डन, म्हणजे गावातून निवडलेले कारभारी. पण या कारभाऱ्यांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. तेव्हा त्यांच्या नावानं हिशेब लिहायचे सर क्रिस्टोफर, आणि वर्षाकाठी सगळ्या गावासमोर तो मोठ्यानं वाचून दाखवायचे. आपल्याकडे जत्रा झाल्यावर ग्रामदेवतेच्या पारावर जमाखर्च वाचतात, तसंच हे. म्हणून या वहीची भाषा कोरड्या आकड्यांची नाही. डेव्हनच्या बोलीत, ऐकणाऱ्याला उद्देशून, मध्येच शाबासकी देत, मध्येच चिमटा काढत ती जाते.

मेंढी कोणाकडे आहे?

चर्च चालायचं कशावर? सरकारी अनुदान नव्हतं, मोठा जमीनदार आश्रयदाता नव्हता. पाद्र्याचं पोट दशमांशावर, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शावर भरे. पण छप्पर, घंटा, मेणबत्त्या, वस्त्रं, मूर्ती यांचा खर्च गावानंच करायचा. त्यासाठी मोरबाथनं जी व्यवस्था बसवली होती, ती या वहीतली सगळ्यात वाचनीय गोष्ट आहे.

गावात निरनिराळे निधी होते. त्यांना ‘स्टोअर’ म्हणत. सेंट जॉर्जचा, मेरीमातेचा, सेंट सिडवेलचा, सेंट अँथनीचा. शिवाय मृतांसाठी जळणाऱ्या दिव्याचा. अविवाहित तरुणांचा निधी वेगळा, कुमारिकांचा वेगळा. प्रत्येक निधीचे कारभारी वेगळे, हिशेब वेगळा. म्हणजे लग्न न झालेल्या पोरीलाही कधी ना कधी गावापुढे जमा किती, खर्च किती आणि शिल्लक किती याचा हिशेब द्यावा लागे. घर चालवणारी विधवा असेल तर पाळीनं चर्चची मुख्य वॉर्डनही ती होई. दीडशे माणसांच्या वस्तीत एवढी पदं असल्यावर, आयुष्यात कधीच कारभार केला नाही असा माणूस सापडणं मुश्किल.

या निधींची ठेव बँकेत नव्हती, ती चरत होती. प्रत्येक निधीच्या नावाच्या मेंढ्या होत्या आणि त्या गावातल्या निरनिराळ्या घरी सांभाळायला दिलेल्या. एक मेंढी या घरी, एक त्या घरी. शेतकऱ्यानं ती आपल्या कळपात चारायची. लोकर आणि कोकरू मात्र संताचं. मग वहीत नोंद पडायची: अमक्याकडची मेंढी व्याली, तमक्याकडची मेली, तिचं कातडं इतक्याला विकलं, अमुक एक हरवली. मेरीमातेची मेंढी कुठल्या शेतात आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असे. घरात देवाची मेंढी असणं म्हणजे घराच्या दावणीला चर्चचा एक धागा बांधलेला असणं.

मधमाश्यांचीही हीच कथा. कोणी मूर्तीपुढचा दिवा तेवत राहावा म्हणून मोहोळ दान केलं. मेणाची मेणबत्ती, मधाचे पैसे; दिवा चालू ठेवायचा तर मधमाश्याही चर्चच्या सेवेत.

उरलेली तूट भरून काढायची ‘चर्च एल’. एल म्हणजे घरी गाळलेली बिअर. चर्चच्या शेजारी गावाचं एक चर्च हाउस असे. वर्षातून ठरावीक दिवशी वॉर्डन एल गाळायचे, शेजारची गावं यायची, खाणंपिणं व्हायचं, नफा चर्चला. मग ती गावं आपली एल ठेवायची आणि मोरबाथकर तिकडे जायचे. उपासना आणि बिअर यांत विसंगती आहे असं तेव्हा कोणाला वाटत नव्हतं.

चांदीचा बूट, काळी वस्त्रं

सर क्रिस्टोफर यांची लाडकी संत म्हणजे सेंट सिडवेल. ही एक्झेटरच्या बाजूची. विळ्यानं शिर उडवलेली कुमारिका म्हणून तिची ख्याती. मोरबाथमध्ये तिची भक्ती रुजवली ती यांनीच. मूर्ती आणली, तिला सोन्याचा मुलामा दिला, तिच्यासाठी दानं मिळवली. लोकांनी दिलेल्या चांदीतून तिच्या पायात चांदीचा बूट आला. गावातल्या मुलींना सिडवेल हे नाव ठेवलं जाऊ लागलं. नवसाला दागिना वाहणाऱ्या आपल्या बायकांना यात काही नवल वाटणार नाही. चोरानं बूट नेला तेव्हा गावाला काय वाटलं असेल, तेही आपल्याला समजावून सांगायला नको.

त्यांचा दुसरा ध्यास काळ्या वस्त्रांचा. मृतांसाठीच्या प्रार्थनेला पाद्र्यानं काळी वस्त्रं घालायची रीत होती आणि मोरबाथकडे चांगला जोड नव्हता. त्यासाठी 1520च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी पैसे साठवायला सुरुवात केली. लोकरीवरचा आपला दशमांशही त्यात घातला. गावकऱ्यांनी मृत्युपत्रात, दानात थोडं थोडं दिलं. जवळजवळ वीस वर्षं हा निधी साठत राहिला. अखेर 1547च्या सुमाराला ती वस्त्रं आली. आणि लगोलग, मृतांसाठीची ती प्रार्थनाच देशात बेकायदा ठरू लागली.

गावात सगळं गोडीगुलाबीचं होतं असं समजू नका. 1530च्या दशकात चर्चच्या कारकुनाच्या, म्हणजे पाद्र्याच्या मदतनिसाच्या, मोबदल्यावरून गावात वर्षानुवर्षं भांडण पेटलं होतं. त्याचा मोबदला घरोघरून धान्याच्या पेंढ्या आणि काही पेन्स असा गोळा व्हायचा. आपल्या बलुत्याचाच हा चुलता. काही घरांनी हात आखडला, दोन तट पडले. सर क्रिस्टोफर वहीत पुन्हा पुन्हा ऐक्याचा जप करताना दिसतात. शेवटी 1536मध्ये गावानं एकत्र बसून कोणी किती द्यायचं हे ठरवलं आणि ते त्यांनी नीट लिहून काढलं. असल्या प्रसंगांसाठी गावात निवडक पाच माणसं असत. ‘फाइव्ह मेन’ म्हणायचे त्यांना. पंच म्हटलं की आपल्याला लगेच कळतं.

लंडनहून आलेले हुकूम

1534मध्ये आठव्या हेन्रीनं पोपशी संबंध तोडून स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख ठरवलं. मोरबाथमध्ये पहिली झळ पोचली ती जवळच्या बार्लिंच मठातून. या मठाकडे मोरबाथचा पाद्री नेमण्याचा हक्क होता. हेन्रीनं देशातले मठ बरखास्त केले त्यात बार्लिंचही गेला. मठाच्या मोडतोडीत एक मोठी रंगीत काचेची खिडकी मोरबाथच्या वाट्याला आली आणि गावानं ती आपल्या चर्चला बसवली. उद्ध्वस्त मठाची खिडकी आपल्या भिंतीत बसवताना त्यांच्या मनात काय आलं असेल, हे वही सांगत नाही. तिनं फक्त खर्च लिहिला आहे.

1538मध्ये राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याचे हुकूम आले. दर पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंदवही ठेवायची. इंग्लंडमधल्या घराण्यांचे इतिहास आज शोधता येतात ते याच हुकमामुळे. त्याच हुकमात होतं, संतांच्या मूर्तींपुढे मेणबत्त्या लावायच्या नाहीत. वरवर एवढंसं कलम. पण मोरबाथमधले निधी त्या दिव्यांसाठीच तर होते. दिवा गेला तसं मोहोळाचं कारण गेलं, मेंढीचं कारण गेलं, पोरींच्या वॉर्डनचं कारण गेलं. पुढच्या काही वर्षांत हे निधी एकामागून एक मिटले. वहीतली नावं कमी होत गेली आणि हिशेब आटोपशीर होत गेला. आटोपशीर हिशेब म्हणजे गावाची कमी झालेली बोलणारी तोंडं.

1547मध्ये हेन्री वारला आणि नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर आला. त्याच्या भोवतीचे सल्लागार कडवे प्रोटेस्टंट सुधारक. मूर्ती काढा, भिंतींवरची चित्रं पुसा, मिरवणुका बंद, चर्च एल बंद. 1548 साली मोरबाथची मुख्य वॉर्डन लूसी सीली नावाची बाई होती. मूर्ती गेल्या, चीजवस्तू विकायला लागली ती तिच्या वर्षी. तिनं काही चूक केली असं नव्हे. तिची पाळी आली एवढंच. पण पुढे मागे वळून पाहताना सर क्रिस्टोफर यांनी चर्चच्या पडतीचा काळ तिच्याच नावानं मोजला: लूसी सीलीच्या वर्षापासून हे चर्च खचत गेलं. राजाच्या कारकिर्दीनं काळ मोजायचा तो इतिहासकारांनी. गाव काळ मोजतं ते कारभाऱ्याच्या नावानं.

चर्चच्या मेंढ्या विकल्या गेल्या. चर्च हाउस ओस पडलं. ज्या चर्चनं कधी कोणापुढे हात पसरला नव्हता, त्याला आता नवी पुस्तकं घ्यायला, साधी डागडुजी करायला गावातल्यांकडून उसनवारी करावी लागली. वस्त्रं आणि चित्रं काही जणांच्या घरी ठेवायला दिली गेली. विकून टाकली की लपवून ठेवली, हे त्या घडीला कोणी विचारू नये अशा बेतानं.

पाच पोरं

1549च्या 9 जूनला, पेंटेकॉस्टच्या रविवारी, लॅटिन उपासना बंद होऊन इंग्रजीतलं नवं प्रार्थनापुस्तक देशभर सुरू झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टने गावच्या लोकांनी आपल्या पाद्र्याला जुनी उपासना करायला लावली. ठिणगी पडली. कॉर्नवॉलचे बंडखोर येऊन मिळाले. मेंढ्यांवर नुकत्याच बसलेल्या करानं आधीच लोक चिडलेले होते. जुलैच्या सुरुवातीला बंडखोरांनी एक्झेटर शहराला वेढा घातला. शहराबाहेर सेंट डेव्हिड्स डाउन नावाच्या माळावर त्यांचा तळ पडला.

मोरबाथच्या वहीत त्या वर्षीच्या खर्चात एक नोंद आहे. गावातले पाच तरुण त्या तळावर निघाले तेव्हा त्यांना दिलेले पैसे. पाचही जणांची नावं आहेत, हत्याराचा खर्च आहे. म्हणजे ही पोरं घरातून पळून गेली नव्हती. गावानं ठरवून, शिधाशस्त्र देऊन, पावती ठेवून पाठवली होती. तीस वर्षं मेंढ्यांची गणती करणाऱ्या, भांडण झालं की ऐक्य ऐक्य म्हणणाऱ्या या पाद्र्याच्या अक्षरात राजद्रोहाची ही नोंद आहे. इंग्लंडमधल्या कुठल्याही खेड्याच्या चर्चच्या वहीत याहून धाडसी ओळ क्वचितच असेल.

6 ऑगस्टला लॉर्ड रसेलच्या सैन्यानं वेढा मोडला. महिन्याभरात हजारो माणसं मारली गेली. एक्झेटरच्या सेंट थॉमस चर्चचा पाद्री रॉबर्ट वेल्श याला उपासनेची वस्त्रं चढवून त्याच्याच चर्चच्या मनोऱ्याला फाशी दिलं. मोरबाथच्या पाचांपैकी काहींची नावं नंतर कागदावर येत नाहीत. ओळ मात्र तशीच राहिली. कोणी ती खोडली नाही.

परत आलेल्या वस्तू

1553मध्ये एडवर्ड वारला आणि कॅथलिक मेरी राणी झाली. मोरबाथमध्ये घरोघरचे कोनाडे, पेट्या, माळे उघडले. कोणी मेरीमातेची प्रतिमा आणून दिली, कोणी सेंट जॉर्जच्या देखाव्यातले राजा-राणी, कोणी वस्त्रं, कोणी पुस्तकं. कोणाकडून काय परत आलं हे सर क्रिस्टोफर यांनी नावानिशी टिपलं. आता कळलं की पाच वर्षांपूर्वी ‘गेलेल्या’ वस्तू कुठे गेल्या होत्या. या वेळी वॉर्डन जोन मॉर्स नावाची बाई होती. लूसीच्या काळात खचलेलं चर्च जोनच्या काळात पुन्हा उभं राहिलं असा जमाखर्च त्यांनी मांडला.

तो टिकला पाच वर्षं. 1558मध्ये मेरी गेली, एलिझाबेथ आली, 1559मध्ये पुन्हा इंग्रजी प्रार्थनापुस्तक, पुन्हा मूर्ती खाली. सर क्रिस्टोफर यांनी या वेळीही बदल स्वीकारला, नवी उपासना चालवली, पुढे जवळच्या नोस्टन गावच्या चर्चचाही भार घेतला आणि शेवटपर्यंत मोरबाथचा हिशेब लिहीत राहिले.

त्यांना संधिसाधू म्हणावं का? ज्यांनी चार राज्यांत चार रंग बदलले अशा पाद्र्यांची इंग्रजीत टर उडवली जाते. पण ही वही वाचली की तो शब्द जिभेवर येत नाही. या माणसाची पहिली निष्ठा रोमशी नव्हती, लंडनशी तर नव्हतीच. ती होती त्या तेहेतीस घरांशी. त्यांना सोडून आपल्या मतासाठी परागंदा होणं त्यांना सुचलंच नाही. धर्म बदलला तरी गावाला एकत्र बसवून हिशेब वाचायचं त्यांनी थांबवलं नाही.

वही वाचणारे

1904मध्ये जे. अर्स्किन बिनी यांनी ही वही लिप्यंतर करून छापली. त्यानंतर ती अभ्यासकांच्या कपाटात पडून होती. केंब्रिजचे इतिहासकार ईमन डफी यांनी तिच्यातून ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ हे पुस्तक 2001 साली लिहिलं आणि त्या पाच तरुणांच्या नोंदीचा अर्थ जगापुढे मांडला. धर्मसुधारणेचा इतिहास तोवर प्रामुख्यानं राजे, बिशप आणि हुतात्म्यांच्या बाजूनं सांगितला जाई. मेंढी कोणाकडे आहे, इथून तो सांगता येतो हे या वहीनं दाखवलं.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. वरून आलेल्या हुकमांनी मोरबाथच्या लोकांची श्रद्धा किती बदलली, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मनाची वही कोणी ठेवत नाही. पण त्या हुकमांनी गावाच्या हातातला कारभार किती काढून घेतला, हे पानापानावर मोजता येतं. आधी पोरं, पोरी, विधवा, शेतकरी असे सगळे कशाचे ना कशाचे कारभारी होते. नंतर थोडी माणसं उरली, आणि काम उरलं ते बहुतेक सरकारी देणी भागवायचं. देऊळ असो की चर्च, त्याचा हिशेब ज्यांच्या हाती, त्यांचंच ते असतं. बाकीचे भक्त.

मोरबाथचं नशीब की एका पाद्र्यानं लिहिलं आणि ते लिहिलेलं टिकलं. आपल्याकडेही गावोगावच्या देवस्थानांच्या, सप्त्यांच्या, जत्रांच्या जमाखर्चाच्या वह्या आहेत. कोणी किती वर्गणी दिली, कोणी बोकड दिला, मांडव कोणी घातला, दुष्काळाच्या वर्षी पालखी निघाली की नाही, हे सगळं त्यांत आहे. त्या कोणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, वाळवीच्या शेजारी पडून आहेत. गावी गेलात तर आधी ती पेटी उघडून बघा. आणि वह्या निघाल्याच, तर रद्दीत जायच्या आधी प्रत्येक पानाचा एक फोटो तरी काढून ठेवा.